निवळलेली टाकी

शाळा सुटली तरी सुमतीबाई प्रयोगशाळेतून हलेनात. समोर काचेच्या दोन टाक्या, दोन्हींत पनवेलच्या खाडीचं पाणी. एकीत मुलांनी खाडीत दोरांवर वाढवलेली कालवं सकाळीच आणून ठेवली होती. कालवं पाणी गाळतात, तेव्हा एव्हाना ती टाकी निवळायला हवी होती. पण दोन्ही सारख्याच, चहाच्या रंगाच्या.

उद्या समितीचे दीनानाथ सर येणार. त्यांना पटलं तर मुलांची ही कालवांची शेती टिकणार. नाहीतर खाडीकाठची जागा पार्किंगला जाणार. मुख्याध्यापक कृष्णकांत सरांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं. स्वतःकडे त्यांनी फक्त पाहुण्यांच्या जेवणाचं बघायचं ठेवलं होतं.

"जावा बाई घरी," शिपाई बळीराम किल्ल्या वाजवत म्हणाला. "तुमी अशा टक लावून बसल्यावर ती लाजतात."

घरी बाईंच्या हातून भाजी करपली. नवऱ्यानं ती मुकाट्यानं खाल्ली, म्हणजे बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार.

सकाळी दार उघडलं, तर कालवांची टाकी आरशासारखी लख्ख. तळाशी शिंपले घट्ट मिटून शहाण्या मुलांसारखे बसलेले. शेजारची टाकी होती तशीच गढूळ. बाईंनी पदरानं टाकीची काच पुसून घेतली. एका रात्रीत एवढं कसं, हे विचारायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत.

दीनानाथ सर तर काचेला नाक लावूनच उभे राहिले. मग मुलांकडे वळले.

"कारखान्यांचं विष, गटाराची घाण, सगळं ही बिचारी आपल्या पोटात साठवतात. म्हणून ही खायची नाहीत. कळलं?"

मुलांनी एका सुरात हो म्हटलं. मंजुरीवर तिथंच सही झाली.

जेवताना बाईंच्या ताटात साबुदाण्याची खिचडी. त्यांचा गुरुवारचा उपास होता. दीनानाथ सरांनी मात्र रस्सा दोनदा मागून घेतला, वाटी बोटानं निपटली आणि असं जेवण कित्येक वर्षांत झालं नाही म्हणाले. कृष्णकांत सर कृतार्थ होऊन वाढत होते.

बळीराम पाण्याचा जग घेऊन बाईंजवळ आला आणि हळूच वाकला.

"साहेब म्हनले, पावन्याला खाडीचंच कायतरी खिलव. रातीच कालवं काढली, शिंपले धुवून परत मिटून ठेवले, टाकीत नळाचं पानी भरलं. कोनाला पत्ता तरी लागला का, बाई?"