सहा बाटल्या

दक्षा पाड्यावर पोचली तेव्हा सहाही बाटल्या बायजीच्या ओट्यावर भरून तयार होत्या. बुचं घट्ट लावलेली, बाटल्या पुसलेल्या, प्रत्येकीवर घराचं नाव. काल रिकाम्या वाटून जाताना तिला वाटलं होतं, निम्म्या तरी हरवणार. इथं तर ओट्यावर बायांच्या ओल्या पावलांचे ठसेही अजून वाळले नव्हते.

"मावशी, सगळ्यांनी प्यायचंच पाणी भरलंय ना? धुण्याभांड्याचं नाही?"

"नाय हो मॅडम, प्यायचंच. मोठ्या सायबांकडे जायचंय म्हणालात ना तुमी."

बायजीला धाप लागली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, पाय चिखलानं भरलेले. साठीची बाई, पण एक क्षण स्वस्थ बसेल तर शपथ. तिची सून शुक्री सात महिन्यांची पोटुशी, दाराला टेकून उभी होती. दाराशीच पाण्याचं निळं पिंप होतं. बायजी त्याच्या शेजारून आत गेली, कोपऱ्यातल्या मडक्यावरचं झाकण काढलं आणि घासलेला तांब्या भरून आणला.

दक्षानं तो एका दमात संपवला. तलासरीपासून रिक्षा, पुढं तासभर चढण. घसा कोरडा पडला होता.

"किती गोड आहे हो. आमच्या डहाणूत असलं पाणी मिळत नाही."

बायजीचा चेहरा फुलला.

नऊ वर्षांपूर्वी पाड्यावर बोअरिंग झालं, हातपंप बसला. अठरा घरांचा पाडा, आणि तेव्हापासून लिव्हरच्या कॅन्सरनं पाच माणसं गेली. पाचवा बायजीचा नवरा, सुकऱ्या. डहाणू रोडच्या ऑफिसात नितीन सरांनी भिंतीवर नकाशा लावला होता. त्यावरचे लाल ठिपके डोंगराकडच्या पाड्यांवर दाटीनं बसले होते. खोल खडकातली खनिजं, आर्सेनिकसारखी, पंपाच्या पाण्यात उतरत असावीत असा सरांचा संशय होता.

पण सरांची सक्त ताकीद होती की संशयाचा एक शब्द बाहेर फुटता कामा नये. लोक घाबरून पंप सोडतात आणि कुठल्याही डबक्यातलं पितात. पाण्याची पाहणी आहे, एवढंच सांगायचं. आणि पाणी पंपावरून घ्यायचं नाही, घरात माणूस जे पितो ते घ्यायचं.

"मॅडम, एक विचारू?" बायजी खाली बसत म्हणाली. "माझा माणूस दारूला कधी शिवला नाय. तरी डॉक्टर म्हणाला, दारूनं लिव्हर गेलं. गावपण तेच बोलतं. तुमी शिकलेल्या. कशानं गेला तो?"

उत्तर दक्षाच्या जिभेवर आलं होतं. तिला त्या बाईची फार माया वाटली.

"बघू, मावशी," एवढंच ती म्हणाली आणि बाटल्या बर्फाच्या पेटीत रचू लागली.

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. सहाच्या सहा बाटल्या स्वच्छ. आकडेही जवळजवळ एकसारखे.

"झकास काम केलंस," नितीन सर म्हणाले. "एकच पंप, एकच पाणी, एकच आकडा. बाटली भरताना कुणी गडबड केली असती तर असं जुळलं नसतं. तिथं पाण्याचा दोष नाही."

"मग माणसं कशानं गेली, सर?"

सरांनी अंगठा तोंडाकडे नेला.

दक्षा हिरव्या रंगाचा डबा घेऊन स्वतःच पाड्यावर गेली. पंपावर तिनं आपल्या हातानं रुंद पट्टा ओढला. बाया गोळा होऊन बघत होत्या.

"हिरवा म्हणजे चांगलं. डोळे मिटून प्या," तिनं सांगितलं. मग बायजीला बाजूला घेऊन म्हणाली, "आता सांगायला हरकत नाही, मावशी. आम्हाला पाण्याचाच संशय होता. पण तसं काही निघालं नाही."

बायजी त्या ओल्या पट्ट्याकडे बघत राहिली.

"म्हणजे पीतच होता तो," ती हळूच म्हणाली. "माझ्यापासून लपवून."

परतीच्या वाटेवर दक्षाला रडू आलं. पण खरं ते खरं, आपण काय करणार, अशी तिनं मनाची समजूत घातली. त्यानंतर त्या बाजूला काम निघालं की ती बायजीला उभ्या उभ्या भेटून जाई. शुक्रीला मुलगा झाला तेव्हा टोपडंही घेऊन गेली.

भातं कापणीला आली तेव्हाची गोष्ट. नातू बायजीच्या मांडीवर बसून वाटीतली पेज चाटत होता. दक्षा आल्या आल्या ओट्यावर टेकली. या वेळी फुरसत होती.

"मावशी, आधी पाणी."

"शुक्री, दक्षाला पाणी दे गं."

शुक्रीनं दाराशीच्या निळ्या पिंपात तांब्या बुडवला. दक्षानं मोठा घोट घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं. गंजका खिळा चाटल्यासारखी चव होती.

"हे कुठलं पाणी?"

"पंपाचं. आमचं रोजचं."

"पण मागे मी प्यायले ते?"

बायजी हसली. "तेव्हा पाहुणी होतीस तू. पाहुण्याला पंपाचं कोण देतं? खाली ओहळात झरा आहे, तिथून आणलं होतं. आता तू घरचीच."

तांब्या दक्षाच्या हातात तसाच राहिला. "आणि बाटल्यांमध्ये?"

"तेच की. आमी सगळ्या बाया पहाटे झऱ्यावर उतरलो होतो. मोठ्या सायबांना पंपाचं पाणी पाठवायचं म्हणजे पाड्याची अब्रू गेली असती." बायजीनं वाटीतला शेवटचा घास बोटानं निपटून नातवाच्या तोंडात घातला. "शुक्रीला पंपाचं मळमळायचं, म्हणून तिच्यासाठी रोज झऱ्यावर जायचे. गुडघे गेले माझे. तू तो हिरवा पट्टा मारलास आणि सुटले बघ. आता ह्याची पेजसुद्धा पंपाच्याच पाण्यात शिजते."