चार बोटं जागा

वालावलच्या काजूबागेतल्या शेडमध्ये हरिश्चंद्रने सात वर्षं खपून विमान बनवलं आणि आज त्याचं उडणं चार बोटांवर अडलं. बसणाऱ्याचं डोकं आणि वरची काच यांच्यात चार बोटं जागा हवी, असं तपासायला आलेले साहेब म्हणाले. साहेबांची बोटं राजेळी केळ्यांसारखी जाडजूड. फटीत तीनच शिरली. आत मान ताठ करून बसलेल्या हरिश्चंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. “साहेबानु, माप बायलेच्या बोटांनी घेतललां!” साहेब हसले. “कोणाची बोटं, ते नियमात लिहिलेलं नाही. घाला, वहिनी.” सात वर्षं त्याची बायको कावेरी हसत मापं देत आली होती, आज हसली नाही. तिची चारही बोटं त्याच्या केसांवरून अलगद सरकली. हरिश्चंद्रने श्वास सोडला. बोटं तिथेच थांबली. तिने शेडच्या दारातून वर आभाळाकडे पाहिलं. मग साहेबांकडे वळून कावेरी, कधी नव्हे ते शुद्ध मराठीत, म्हणाली, “नाही बसत.”