गाडीचे कान

सांडोर गावच्या एडवर्डच्या जुन्या छोट्या गाडीला सनरूफ होतं. दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला निघण्याआधी त्याची बायको फ्लॉसी ते उघडायची आणि कोपऱ्यांतल्या भोकांत क्रोशाची सुई घालून फिरवायची.

"गाडीचे कान कोरतेस काय गो?" एडवर्ड हसायचा.

"पाणी जायची वाट आहे ती," फ्लॉसी सांगायची. पण ऐकतो कोण!

फ्लॉसी वारली आणि त्याच पावसाळ्यात सनरूफ गळू लागलं, तेही नेमकं तिच्या सीटवर, तिनेच विणलेल्या कव्हरवर. निदान ते कव्हर तरी वाचावं म्हणून एडवर्डने दिसेल त्या भोकात सिलिकॉन भरलं. गळती दुप्पट झाली, वर सनरूफ सरकेनासं झालं.

शेवटी कव्हर वाळत टाकून त्याने सगळं सिलिकॉन खरवडून काढलं आणि फ्लॉसीच्या डब्यातली सुई आणली. पहिल्याच भोकात ती फिरवली, तसं तुंबलेलं पाणी भळभळ करत चाकापाशी उतरलं.

शेजारच्या लेस्लीने कुंपणापलीकडून एडवर्डचीच जुनी थट्टा परतवली, "काय अंकल, गाडीचे कान कोरताय काय?"

 

"कोरतोय रे. बहिरा मात्र मी होतो."