आग्रहाचं निमंत्रण

नंदिनीताई लेकीच्या लग्नाची निमंत्रणं पाठवत होत्या. खोटा आग्रह नोंदवून घेणं फोनांनी केव्हाच सोडून दिलं होतं. प्रत्येक नावापुढे दोन चौकटी, ‘आग्रहाचं’ आणि ‘साधं’; हवी तिच्यावर बोट टेकायचं. मनात असेल तर ती हिरवी व्हायची, नसेल तर लाल. यजमानांच्या ऑफिसातल्या साहेबांच्या नावापुढे ‘आग्रहाचं’ चटकन हिरवं झालं.

मग सुमतीचं नाव आलं. ही धाकटी चुलत जाऊ, गेल्या वर्षी नवरा गेलेली. चार दिवस येऊन रुखवताचं सगळं तीच करत होती. आत्ताही शेजारी बसून करंज्या भरत होती.

“तुझ्याशिवाय कार्य होणार आहे का गं?” म्हणत नंदिनीताईंनी ‘आग्रहाचं’वर बोट टेकलं. चौकट लाल झाली.

सुमतीनं पाहिलं. “बोटाला पीठ लागलं असेल, ताई,” म्हणत तिनं पदरानं त्यांचं बोट पुसलं.

पुन्हा लाल. ‘साधं’वर टेकलं, तेही लाल.

नंदिनीताईंची मान वर होईना. पिठाला त्यांनी सकाळपासून हातही लावला नव्हता.

“राहू द्या,” सुमती पुढची करंजी उचलत म्हणाली, “घरच्यांना कुठे निमंत्रण लागतं?”