अर्धी तुझी, अर्धी माझी

विक्रोळीचे परब आणि घाडी कंपनीत असल्यापासून एक चहा दोघांत प्यायचे. हार्ट अटॅकही दोघांना एकाच वर्षी आला. मग हॉस्पिटलने दोघांनाही एका चाचणीत घेतलं. दुखावलेला हृदयाचा स्नायू नव्या गोळीने सुधारतो का, ते बघायचं होतं. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कोणाला कुठली, ते शेवटीच कळणार.

"एकाचीच खरी निघाली तर रे?" घाडीला घोर लागला.

तेव्हापासून आज परब टागोरनगरला चालत जाऊन घाडीचे चार जिने चढायचा, उद्या घाडी कन्नमवारनगरला येऊन परबचे. अडकित्त्याने दोन्ही गोळ्या कापायच्या आणि अर्धी-अर्धी वाटून घ्यायची.

चाचणी संपली तेव्हा दोघांचीही हृदयं चांगलीच सुधारली होती. खुशीत घाडी सगळं बोलून गेला.

डॉक्टर अबोली भडकल्या. "अहो, संशोधनाची वाट लावलीत!"

"ते जाऊ द्या मॅडम. खरी कोणाची होती?"

त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं. "कोणाचीच नाही. दोघांच्याही बिनऔषधाच्या."

परब घाडीवर खेकसला, "च्यायला, म्हणजे तुझे चार जिने मी दिवसाआड फुकटच चढलो!"