काच अख्खी आहे

"दादा, शिडी नीट धर," मॅनेजरबाई म्हणाल्या. वर चढलेले इंजिनिअर साहेब सरकारी होते. पडले असते तर आणखी एक फाइल उघडावी लागली असती.

नाट्यगृहाने शंभरी ओलांडली होती आणि रंगमंचामागच्या भिंतीला उभी चीर गेली होती. जुन्या इमारतींच्या जतनाचं सरकारी अनुदान मिळावं म्हणून बाईंनी चपला झिजवल्या, साहेब बदलले, साहेबांचे साहेब बदलले. भिंत आणि छप्पर दुरुस्त झाल्याशिवाय परवाना मिळणार नव्हता, आणि परवाना नाही म्हणजे दाराला कुलूप. मागच्या खोलीत राहणाऱ्या बाई आणि दादा या भावाबहिणीला दुसरं घरही नव्हतं.

गेल्या वर्षी घोडं या चिरेपाशी अडलं. साहेबांनी चिरेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली, कोपऱ्यात सही करून तारीख घातली. उतरताना शिडी धरलेल्या दादाला म्हणाले, "डोळ्यांत तेल घालून जपा हिला. तुमच्या भरवशावर सोडून चाललोय."

बाकीचं त्यांनी ऑफिसात चहा घेताना बाईंना सांगितलं. भिंत सरकत असेल तर काच आपोआप तडकते. तडकली तर तातडीच्या यादीत नाव. अख्खी राहिली तर भिंत स्थिर, मग नंबर लागणं कठीण. "आणि मुद्दाम फोडू नका. एकांनी काचेशी खेळ केला, ते कायमचे बाद झाले."

बाईंच्या मनात झाडूचा दांडा बरेचदा येऊन गेला होता. पण आयुष्यभर तिकीटखिडकी चोख सांभाळलेल्या बाईला ते जमेना. वर चढून बघायचे त्यांचे गुडघेही राहिले नव्हते. त्या नुसतं विचारायच्या, "दादा, काच कशी आहे?"

"अगदी जशीच्या तशी," दादा म्हणायचा, आणि बाई हिरमुसायच्या. आपण भिंत सरकायची वाट बघतोय याची त्यांना लाजही वाटे.

दादा पूर्वी नाटकांचे बोर्ड रंगवायचा. अक्षर असं की छापल्यासारखं. नाटकं बंद झाली तरी त्याला स्वस्थ बसवत नसे. मेकअपच्या खोलीचं दार घासू लागलं, त्याने रंधा मारला. गिलावा पडला, त्याने भरून काढला. बाई त्याला फारसं काही सांगत बसत नसत. शिडी त्याच्याकडे, फाइल आपल्याकडे, अशी जुनी वाटणी होती.

साहेब खाली उतरले. हात झटकत म्हणाले, "काच अख्खी आहे. माझी सही, तारीख, सगळं जागच्या जागी. भिंत तसूभर सरकलेली नाही. आनंदाचीच बातमी आहे, बाई."

"हो," बाई म्हणाल्या. त्यांना हसायचं होतं, पण ते काही जमलं नाही.

"अनुदानाचं मग यंदा अवघड आहे. मी असंच लिहिणार, दुसरं काय लिहू?"

"जे आहे ते लिहा."

बाहेर पडताना साहेब जुन्या नटांच्या फोटोंपाशी थांबले. एकाच्या मिशीवर धूळ बसली होती. "यांच्या काचा काय झाल्या?"

"जुन्या झाल्या होत्या," दादा म्हणाला.

साहेबांनी मान हलवली. फाटकाबाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि विरून गेला.

बाई पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसल्या. त्यांना रडूही येत नव्हतं, इतक्या त्या दमल्या होत्या.

दादाने शिडी मिटून भिंतीला टेकवली आणि शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसत होता.

"उगाच तोंड पाडून बसू नकोस," तो म्हणाला. "साहेबांनी मला जपायला सांगितली होती, मी जपली. जरा तडकली की त्याच दिवशी नवीन लावत होतो. सही अशी उतरवली की खुद्द साहेबांना पत्ता लागला नाही. आणि पुढच्या वर्षीचीही काळजी नको, अजून दोन फोटोंना काच शिल्लक आहे."