कॅप्टनची घोषणा

"माईकसमोर देवाचं नाव काढू नका, नुसतं प्रशिक्षणामुळे वाचलो म्हणा," असं विमान कंपनीच्या बाईंनी कॅप्टन लेफ्तेरिसना बजावलं होतं. त्यामुळे विमानांच्या वेडापायी वह्याच्या वह्या भरणारी सतरा वर्षांची मिर्तो बेटावरच्या कॉफीच्या दुकानात त्यांची मुलाखत घ्यायला बसली, तेव्हा ते ऐटीत म्हणाले, "समुद्रावर चार मिनिटं दोन्ही इंजिनं बंद होती, पोरी. पण माझा आवाज हलला नाही. प्रवासी मात्र नवस काय बोलत होते, रडत काय होते!"

"आणि तुम्ही?"

"मी तपासणीची यादी वाचत होतो. ओळीनं."

मिर्तोनं वही मिटली. "माझी मावशी त्याच विमानात होती, कॅप्टन. तुम्ही कंट्रोल टॉवरऐवजी प्रवाशांचं बटण दाबलं होतंत. 'पनायिया, मेरीमाउली, सुखरूप उतरव गं, डोंगरावर तुझ्या देवळापर्यंत अनवाणी येईन,' हे अख्ख्या विमानानं ऐकलं."

कॅप्टनच्या हातातला कप हातातच राहिला. "हसले असतील सगळे."

"हसतील कशाला? त्यांना वाटलं, ही कॅप्टनची सूचनाच आहे. पट्टे बांधा म्हटलं की बांधतात, तसं सगळ्यांनी तुमच्यामागून म्हटलं. एकशे अठराच्या एकशे अठरा जण डोंगरावर अनवाणी जाऊन आलेत. पाद्रीबाबा रोज विचारतात, घोषणा करणारा कधी येतोय?"

कॅप्टननी कप खाली ठेवला. टेबलाखाली वाकून त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे खिशात कोंबले आणि खालमानेनं डोंगराची वाट धरली.